सुकरीनं बांधलेले दोरे

नागपूर, २६ मे १९५४

तीर्थरूप भागीरथाबाई,

धाकट्या भावाचा तुला आणि सोमाजी भाऊजींना दंडवत. पत्रासोबत चहाचा डबा येतोय. चहा समजून उकळू नकोस, नाहीतर माझी तीन वर्षं चुलीवर जातील. आत कपाशीची सरकी आहे, मोजून दोनशे दाणे.

तुमच्या वावरात मर लागते, हिरवी झाडं दोन दिवसांत माना टाकतात, हे तू दर पत्रात लिहितेस. मी सरकारी कापूस फार्मवर नोकरी करतो आणि माझ्या सख्ख्या बहिणीची कपाशी वाळते, ह्याची मला लाज वाटते. म्हणून हे. मी स्वतःच्या हातांनी केलेलं बियाणं आहे. संध्याकाळी कळी चिमट्यानं उघडायची, तिच्यातला पराग काढून टाकायचा, वर पिशवी घालायची, आणि सकाळी दुसऱ्या झाडाचा पराग आणून लावायचा. ह्या बियाण्याची आई मर लागलेल्या तुकड्यात एकटी उभी राहिली होती. बापाचा धागा असा लांब आणि मऊ की तू हात लावशील तर सोडणार नाहीस.

आता नीट वाच. हे बियाणं फार्मच्या फाटकाबाहेर जायची परवानगी नाही. मी दिलं हे कोणाला सांगायचं नाही. उद्या जी कळी उमलणार असते ती आदल्या संध्याकाळी पिवळी शेंडी बाहेर काढते. त्या शेंडीला दोऱ्याची गाठ मार आणि दोऱ्याचं दुसरं टोक देठाला बांध. मग फूल मिटलेलं राहतं, भुंगा आत शिरत नाही, आणि बोंड स्वतःच्याच परागावर धरतं. रोज किती बांधली ते मोजून ठेव. बोंडं फुटली की दोऱ्यासकट सोबतच्या कागदी पिशव्यांत भरून पाठव. पिशव्यांवर फार्मचा जांभळा शिक्का आहे, तेवढ्या जपून वापर. आणि सरकीचा एक दाणाही दुसऱ्याच्या घरी जाऊ देऊ नकोस. का, ते विचारू नकोस.

तुझा गुणवंत


कोसमटोला, १९ सप्टेंबर १९५४

गुणवंता, तुले आशीर्वाद.

झाडं माह्या छातीले लागली. बाजूच्या तासातली जुनी कपाशी माना टाकून राह्यली आन तुही उभीच्या उभी. तुहे भाऊजी दिवसातून तीन डाव धुऱ्यावर जाऊन पाह्यतेत. मले नवी नवरी होती तवाही येवढं पाह्यलं नाई.

पन दोरा बांधनं काई माह्या बोटायले जमलं नाई. पयल्याच दिवशी सात कळ्या मोडल्या. मंग गोंडायच्या टोल्यावरच्या सुकरीले बलावलं. तू उन्हाळ्यात आलता तवा जिनं तुले पदरभर रानातली टेंभरं देल्ली, तेच. नवरा मेला, एक लेक होती मंगली, ते घोटच्या जंगलाकडे डोमाच्या घरी देल्ली. एकटी हाये. पन बोटं काय हायेत बाप्पा! कळी हालत नाई आन गाठ बसते. पयल्या दिवशी हासून हासून पडली. म्हने, "बाई, तुहा भाऊ फुलायचं तोंड बांधाले काऊन सांगते? ते काय त्याच्या बायकोवानी बडबड करतेत का?" मी म्हटलं, त्याची बायको कुठी हाये अजून, म्हनून तं फुलायच्या मांगं लागला.

ते आपल्या गोंडीत मोजते, उंडी, रंड, मूंद, नालुंग, आन मी कोळशानं भितीवर रेघ मारते. काल परेंत एकशे त्रेसष्ट झाल्या, आता बांधाजोगी कळी राह्यली नाई. पांढरा दोरा पानात दिसत नोता, म्हनून घरातला काळा वापरला.

परवा दिवे लागनीच्या टाईमाले बाजूच्या वावरातली रुखमाबाई धुऱ्यावर उभी राह्यली. "हे काय करून राह्यल्या वो?" म्हने. तू तं सांगू नोको म्हटलं. मी म्हटलं, नजर लागू नये म्हनून बांधतो. तिनं मान हालवली आन गेली. खोटं बोलली, देव मले माफ करो.

भागीरथा


नागपूर, ३ ऑक्टोबर १९५४

बाई,

तुझं पत्र वाचून खोलीत एकटाच हसलो. रुखमाबाईला दिलेलं उत्तर एक नंबर! कोणी पुन्हा विचारलं तर तेच सांग. काळा दोरा म्हणजे नजर, एवढं सगळ्यांना पटतं, पुढं कोणी खोदून विचारणार नाही.

तुला एक गंमत सांगतो. कापसाचा एकेक धागा म्हणजे सरकीच्या सालीवरचा एकेक केस. फूल उमलतं त्याच दिवशी तो सालीतून डोकं वर काढतो. बंद बोंडात वीस-बावीस दिवस नुसता लांब होतो, अगदी पाण्यासारखा पातळ. मग लांबी थांबते आणि आतून थरावर थर बसायला लागतात, तेव्हा त्याला बळ येतं. धागा लांब होईल की आखूड, जाड की बारीक, की होणारच नाही, हे सगळं दाण्यात आधीच ठरलेलं असतं, आईकडून एक वाटा, बापाकडून एक वाटा. आपण फक्त बघायचं. मला ह्या कामाचं वेड लागलंय बाई, तू म्हणतेस ते खरं आहे.

सुकरीला माझा नमस्कार सांग. तिच्यासाठी एक निळं लुगडं पाठवतोय.

गुणवंत


कोसमटोला, २ डिसेंबर १९५४

गुणवंता,

सीतादही झालं. तुह्या त्या झाडायपासूनच वेचनी सुरू केली. झाडाखाली पाच खडे मांडले, दहीभात शिंपडला, बाया गाने म्हनून राह्यल्या. सगळ्यायनं कापूस हातात घेऊन पाह्यला आन गालाले लावला. पयलीच डाव आपल्या वावरात गावच्या बाया अशा आल्या. मले लय बरं वाटलं.

दोऱ्याची बोंडं सगळी पिशव्यात भरून तुह्या भाऊजीसंगं धाडली हायेत. मोजून घेजो. सुकरीनं निळं लुगडं नेसून टोल्यावर मिरवलं. म्हने, माह्या लगनातही येवढं चांगलं नोतं.

बाकी सारं ठीक.

भागीरथा


नागपूर, १५ जानेवारी १९५५

बाई,

बोंडं पोचली. एकशे त्रेसष्ट दोरे, एकही गाठ सैल नाही. दाण्यावरचे धागे विंचरून काळ्या मखमलीच्या पाटीवर ठेवले आणि पट्टी लावली. एवढी लांबी मी आपल्या देशी कपाशीत पाहिली नाही. दोरे टाकवेनात, दुसऱ्या एका चहाच्या डब्यात ठेवलेत.

ह्या पावसाळ्यात ही सरकी फार्मच्या कोपऱ्यात लावणार आहे. साहेबांना अजून सांगितलेलं नाही. त्यांचं एकच टुमणं, नातवंडं पाहिल्याशिवाय घराणं चांगलं म्हणायचं नाही. पाहूच की नातवंडं!

गुणवंत


कोसमटोला, १० नोव्हेंबर १९५५

गुणवंता,

हे पत्र हाती पडल्याबरोबर जवाब दे. मी तुह्यापासून एक गोष्ट लपवली. मांगच्या सीतादहीले बाया आलत्या. पयल्या वेचनीले जे बाई येते तिची वटी कापसानं भरा लागते, रिकाम्या वटीनं धाडनं म्हंजे तिच्या वावराले शाप देनं. आमच्या इथी असंच हाये. अकरा बायायच्या वट्या भरल्या. सरकीसकट कापूस होता. तू नाई म्हटलं होतं, पन तू काई त्या बायायच्या तोंडाकडे पाहून नाई म्हनत नोता. मी कशी म्हनू?

अकराही घरायनं ते सरकी धुऱ्याकडच्या तासात लावली. आता बोंडं फुटून राह्यली, आन काई झाडायच्या बोंडात कापूसच नाई. बोंड उकलते, आत काळ्या नागड्या बिया, लेंड्यावानी. बाजूचं झाड पांढरंशुभ्र भरलेलं आन हे उघडं. मी जलमात असं पाह्यलं नाई. म्हातारे मानसंही म्हनतेत, नाई पाह्यलं. आन हे फक्त त्या अकरा घरी. आपल्यासाठी थोडी ठेवलती, तिचंही तसंच.

पोळ्याच्या नंतर गावात हगवन आली. दोन लेकरं गेली, त्यात रुखमाबाईचा नातू. दोन्ही घरं अकरातलीच. आता गावात एकच बोलनं हाये. सुकरीनं काळ्या दोऱ्यानं कापूस बांधला. दिवे लागनीले मंतर म्हनून म्हनून बांधला. तिची गोंडीतली मोजदाद हो! याच बाया बाजारात तिच्याजवळून मोहफुलं घेतेत, तवा हेच आकडे आयकतेत, तवा मंतर नाई वाटत.

मले सांग, हे बियाण्यातच हाये का? असंल तं फारमच्या कागदावर लिहून, शिक्का मारून धाड. पोलीस पाटील मुखरू शिक्क्याले मानते. लवकर धाड, बाप्पा. मले भेव वाटून राह्यलं.

भागीरथा


नागपूर, १८ नोव्हेंबर १९५५

बाई,

हे पत्र तू एकटीनं वाच आणि जाळून टाक.

हो, बियाण्यातच आहे. मी तुला आईबद्दल अर्धंच सांगितलं होतं. मर सोसून उभी राहिलेली जी आई, तिच्या बोंडात कापूस नव्हता. उघड्या बियांचं झाड होतं ते. बापाचा धागा लांब, म्हणून मी दोघांचं लग्न लावलं. पहिली पिढी सगळी भरलेली निघाली, बापाचा गुण वर आला, आईचा आत दडला. पण दडला म्हणजे गेला नाही. नातवंडांत तो पुन्हा वर येतो. इथं माझ्या कोपऱ्यातल्या तासांतही तेच झालंय. महिन्याभरापूर्वीच पाहिलं. वाटलं, दोऱ्याची बोंडं तर सगळी परत आली, बाकीची सरकी तुझ्याच घरात असेल, मग कळवून काय करायचं. तू ओटी भरलीस हे मला माहीत नव्हतं गं!

तू जाऊन मोज. एकेका वावरातली सगळी झाडं मोज, मग उघडी मोज. चारात एक निघेल. करणी करणारा असा हिशोबानं करणी करत नाही. जो गुण आईबापांनी दोघांनी दिला, तोच असा उघड्यावर येतो. दोघांतल्या एकानं भरलेला वाटा दिला तरी धागा येतो. दोघांकडून रिकामा वाटा आला की येत नाही. चारात एकदा तसं जुळतं.

पण शिक्क्याचा कागद आत्ता मागू नकोस. साहेबांनी बियाण्याचं रजिस्टर काढलंय, दोनशे दाण्यांचा ताळा लागत नाही. विनापरवानगी बियाणं बाहेर दिलं हे सिद्ध झालं तर नोकरी जाते, आणि हे सगळं काम दुसऱ्याच्या नावावर जातं. दोनेक महिने दम धर. लोक विसरतात. तोवर सुकरीला म्हणावं, लेकीकडे जाऊन राहा.

गुणवंत


कोसमटोला, ४ डिसेंबर १९५५

गुणवंता,

मोजलं. पाच वावरं मोजली, बाकीच्यायनं आत येऊ देल्लं नाई. चारशे बारा झाडं, एकशे एक उघडी. तुहा हिशोब बरोबर निघाला. मी धुऱ्यावर बसून रडली. खरं काय ते माह्या मुठीत होतं आन बोलाची सोय नोती.

सुकरीले सांगतलं, मंगलीकडे जाय. ते म्हने, "काऊन जाऊ? मी काई चोरी केली का? पळून गेली तं सगळे म्हनतीन खरंच होतं."

गुरुवारी सुकरीले आन मले चावडीवर बलावलं. मुखरू पाटलानं मले पयलं इचारलं, दोरा कोनी देल्ला. मी म्हटलं, मी. बांधला कोनं? मी म्हटलं, सुकरीनं. काऊन बांधला? गुणवंता, सारा गाव माह्या तोंडाकडे पाहून राह्यला होता. तुहं नाव माह्या जिभेवर आलं आन मी गिळलं. मी म्हटलं, नजर लागू नये म्हनून. रुखमाबाई वरडली, "पाह्य, कबूल हाये! नजरेचाच दोरा होता, तिनं उलटा बांधला!" सुकरी माह्याकडे पाहून म्हने, "बाई, सांग नं." दोन डाव म्हटलं. मी मान खाली घातली. तुहे भाऊजी बाजूले उभे होते, त्यायनंही खालीच पाह्यलं.

मंग मारलं तिले. काय काय केलं ते मी लिहीत नाई. केस कापले. रुखमाबाई नातवाच्या नावानं रडत रडत मारत होती, आन मले तिचाही राग करता येत नोता. मारून थकल्यावर पाटील म्हने, "बांधल्या त्या गाठी आपल्या हातानं सोड, मंग तू सुटली." सुकरी म्हने, "त्या गाठी इथी कुठी हायेत? नागपूरले गेल्या, गुणवंतभाऊजवळ." कोनी आयकलं नाई. तिनं येवढंच धरलं, गाठी सोडल्या का सुटली.

काल पहाटेस ते निघाली. निळं लुगडं नेसली, डोक्यावरून पदर घेतला, कापलेले केस दिसू नये म्हनून. माह्या दारात आली. म्हने, "मूलच्या टेसनापासून रुळारुळानं गेलं का नागपूर येते नं? दोरे घेऊन येतो." मी भाकरी बांधून देल्ली. थांब म्हनाची माही हिंमत झाली नाई. गावात राह्यली असती तं मेली असती.

आठ-नऊ दिवसात ते तुह्याजवळ येईन. तिले ठेवून घेजो. पाय धुवाले पानी देजो. दोरे देजो. दोरे तिच्या हातात पडले पाह्यजे, गुणवंता. मी तुहं नाव वाचवलं, आता तू येवढं कर.

भागीरथा


नागपूर, २० डिसेंबर १९५५

बाई,

तुझं पत्र मिळालं. सुकरी इथं आली नाही. वाटेत मन बदलून लेकीकडे गेली असेल. काळजी करू नकोस.

चारशे बारात एकशे एक, हा आकडा फार सुंदर आहे. पाच वावरांचे आकडे वेगवेगळे लिहून पाठवशील का? रजिस्टरचं अजून चालूच आहे. थंडी फार पडली आहे.

गुणवंत


कोसमटोला, २९ जानेवारी १९५६

गुणवंता,

सुकरी मेली.

नागभीडच्या अलीकडे रुळाच्या बाजूले, पळसाखाली. रेल्वेच्या गँगवाल्यायले सापडली. गोंड बाई म्हनून त्यायनं टोल्याटोल्याले इचारत निरोप धाडला, तो घोटले पोचाले महिना लागला. तिचा जावई डोमा जाऊन आला. तिले तिथीच पुरलं होतं. लुगड्याची निशानी आन तिचं बोचकं घेऊन तो काल आमच्या दारात आला. मंगली संगं नोती.

गँगवाले म्हनत होते, तापानं गेली असंल, अंगावर पांघरून नोतं. आन म्हने, तोंड चांद्याकडे होतं. वापस येऊन राह्यली होती.

मी मनातल्या मनात म्हटलं, अर्ध्यातून वापस फिरली असंल. मंग डोमानं बोचकं सोडलं. त्यात कागदाची पिशवी होती, फुटान्याचे चार दाने होते तिच्यात. वर जांभळा शिक्का. असल्या पिशव्या मले वळखू येतेत, गुणवंता. मी एकशे त्रेसष्ट बोंडं भरली त्यायच्यात. तुह्या सगळ्या मी तुलेच वापस धाडल्या होत्या.

ते आली होती. तुह्या फाटकापरेंत आली होती.

काय झालं ते मले लिही. खोटं लिहिनार असशीन तं लिहू नोको.

भागीरथा


नागपूर, ७ फेब्रुवारी १९५६

बाई,

आली होती. अकरा डिसेंबरला. ती निघाल्याचं तुझं पत्र माझ्याकडे आधीच पोचलं होतं.

मी साहेबांच्या खोलीत होतो, समोर रजिस्टर उघडं. फाटकावरचा चौकीदार बिरजू आत आला, म्हणाला, "गुणवंतभाऊ, एक जंगलातली बाई तुम्हाले इचारून राह्यली. दोरे पाहिजे म्हणते, कपाशीले बांधलेले." साहेबांनी मान वर केली. मी म्हणालो, मी ओळखत नाही, वेडी असेल. एवढं म्हणायला मला दम घ्यावा लागला नाही, बाई. तेच मला सहन होत नाही.

खिडकीतून निळं लुगडं दिसत होतं. मी पाठवलेलं. दोन दिवस ती फाटकाशी बसली. मी मागच्या फाटकानं ये-जा केली. मनात म्हणत होतो, रजिस्टर मिटलं की जातो, अंधार पडला की जातो. चहाचा डबा माझ्या टेबलाच्या खणात होता. तिसऱ्या दिवशी ती नव्हती. बिरजूनं तिला फुटाणे दिले होते, रद्दीतल्या पिशवीत घालून. त्यानं दिले. मी काही दिलं नाही.

ती गेल्याचं तुझं पत्र आलं त्या दिवशी मी साहेबांना सगळं सांगितलं. नोकरीवरून दूर केलंय, चौकशी होईल. साहेब ओरडले नाहीत. म्हणाले, "बियाणं बाहेर गेलं तेव्हाच आला असतास, तर मी स्वतः गावाला पत्र दिलं असतं." म्हणजे एवढंच करायचं होतं गं.

सोबत चावडीवर वाचायचा कागद आहे. शिक्का आहे, साहेबांची सही आहे. बियाणं माझं, दोरा माझा, मोजायला मी सांगितलं, चारात एक उघडं निघणारच होतं, सगळं लिहिलंय. डबाही पाठवतोय. सगळे दोरे आहेत.

मले माफ कर असं म्हनाचीही माही लायकी नाई, बाई.

गुणवंत


कोसमटोला, २२ मार्च १९५६

गुणवंता,

मार्कंड्याची जत्रा झाल्यावर लोक घरी आले, तवा चावडी भरली. मीच वाचला तुहा कागद. बायकामानसानं चावडीवर वाचलेलं या गावात पयलीच डाव. कोनी अडवलं नाई.

सगळ्यायनं आयकलं. आईचा वाटा, बापाचा वाटा, चारातलं एक. मुखरू पाटलानं कागद हातात घेतला, शिक्का पाह्यला, आन म्हने, "म्हंजे हे होनारच होतं. कोनाची करनी नाई, कोनाचा दोष नाई." आन गुणवंता, मी लोकायची तोंडं पाह्यली. सारे हलके झाले. मले वाटलं होतं, शरमेनं माना खाली जातीन. उलट ज्यायच्या माना चार महिने खाली होत्या त्या वर आल्या. कोनाचा दोष नाई म्हंजे त्यायचाही नाई. तुह्या कागदानं अकराही घरं सोडवली.

रुखमाबाई येवढंच म्हने, "मंग माहा नातू कायनं गेला?"

मंग पाटील म्हने, "चारातली भरलेली तीन झाडं तं लय चांगली हायेत, मर लागत नाई त्यायले. तुह्या भावाले म्हन, त्यायचं बियानं धाडता येते का." मी उभी राह्यली. मी सांगतलं का नजरेची गोष्ट मीच रचली, सुकरी सांग नं म्हनत होती आन मले सारं मालूम होतं, मी बोलली नाई. सांगतलं, पन तवा लोक उठून धोतरं झटकून राह्यले होते. तुहे भाऊजी माह्या हाताले धरून म्हनाले, "चाल घरी, झालं ते झालं." झालं ते झालं कसं, बाप्पा?

परवा मंगली आली. पयलीच डाव आली, मायच्या मांगं. पानी देल्लं तं पेली नाई. मी तिले सारं सांगतलं, तुहं आन माहं, काईच ठेवलं नाई. डबा तिच्या पुढ्यात ठेवला. तिनं दोरे भुईवर वतले. मंग एक दोरा उचलला आन नखानं गाठ सोडाले लागली. तिच्या मायच्या गाठी, लवकर सुटत नाईत. सोडलेला दोरा मांडीवर सरळ करून ठेवते आन दुसरा घेते. उंडी, रंड, मूंद, नालुंग. अगदी मायवानीच म्हनते.

सांजच्याले तिनं मले इचारलं, "बाई, चारातलं एक निघनारच होतं म्हनतेत. मंग मेली ते माही माय काऊन? ते तं त्या चारात नोतीच."

माह्या ओसरीवर ते बसून हाये आज तिसऱ्या दिवशी. अर्ध्याच्या वर गाठी बाकी हायेत. सरल्याबिगर जानार नाई म्हनते.

आता पत्र लिहू नोको. शिक्क्याचंही नोको, माफीचंही नोको. मूलपासून पायी ये, ते गेली त्या रस्त्यानं. गाठी सरायच्या आत ये, आन तिच्या पुढ्यात भुईवर बसून तुह्या तोंडानं तिले जवाब दे.

भागीरथा